भिंत उघडी, म्हणून चित्र बेवारस?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सेवाग्रामला बापू कुटी पाहायला येणाऱ्या बहुतेकांचे लक्ष गांधीजींच्या बैठकीकडे आणि त्यांच्या मोजक्या वस्तूंकडे जाते. भिंतीकडे थांबून पाहणारे थोडे. मातीच्या त्या भिंतीवर ताडाची झाडे उठवलेली आहेत. ती मीराबेननी मातीतच घडवली. ही कुटी मुळात त्यांचीच, गांधीजी तिथे नंतर राहायला गेले. आता समजा, कोणी त्या झाडांचा फोटो काढला, तो उशीच्या अभ्र्यावर छापला आणि असे हजार अभ्रे विकले, तर? आपण म्हणू, एवढी जुनी गोष्ट, तिला कोण मालक असणार! पण मीराबेन वारल्या १९८२ साली. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या कृतीवरचा हक्क जिवंत राहतो. या हिशेबाने ताडाच्या त्या झाडांवरचा हक्क २०४२ सालच्या अखेरपर्यंत आहे.

श्रोतेहो, मी वकील नाही. तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले बसवली. कायद्याचे पुस्तक हातात घ्यायची वेळ निवृत्तीनंतर आली, तीही एका विद्यार्थ्यामुळे. त्याची हकीकत पुढे सांगतोच. आधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२ वे कलम आहे. कोणत्या गोष्टी केल्या तर हक्कभंग होत नाही, याची लांबलचक यादी त्यात दिली आहे. इमारतीचे चित्र किंवा फोटो काढून प्रसिद्ध करायला मुभा आहे. सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाचे चित्र किंवा फोटो काढून प्रसिद्ध करायलाही मुभा आहे. म्हणजे चौकातल्या पुतळ्याचे पोस्टकार्ड तुम्ही छापू शकता. मीराबेनची झाडे मातीतून उठवलेली, तेव्हा त्यांना शिल्पच म्हणावे लागेल, आणि त्यांच्या फोटोलाही ही सवलत मिळावी. उशीचा अभ्रा त्यात बसतो की नाही, यावर वकील मंडळी खुशाल वाद घालू शकतील. पण भिंतीवर रंगाने काढलेले चित्र मात्र या यादीत नाही. तेच झाड मातीने उठवले तर एक नियम आणि ब्रशने रंगवले तर दुसरा! हे वाचल्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून मी ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचले.

आता विद्यार्थ्याची गोष्ट. हा मुलगा पोटापाण्यासाठी पाट्या रंगवतो, दुकानांची नावे लिहितो. काही वर्षांपूर्वी त्याच्या वस्तीतल्या लोकांनी ठरवले की कचरा साचतो त्या कोपऱ्यावरची लांब भिंत रंगवून घ्यायची. भिंतीच्या मालकाने तोंडी होकार दिला, रंगापुरती वर्गणी निघाली, मजुरी याने घेतली नाही. चित्र काढले कपाशी वेचणाऱ्या बायांचे. कमरेला ओटी बांधलेल्या सात बाया, ओळीने वाकलेल्या. त्यातली एक डावखुरी, कारण त्याची आई डावखुरी आहे. भिंतीवरून गच्चीच्या पाण्याचा पाइप खाली उतरत होता. त्यावर रंग टिकणार नाही म्हणून त्याने तिसऱ्या आणि चौथ्या बाईच्या मध्ये वीतभर पट्टी मोकळी सोडली. पुढे लोक तिथे उभे राहून फोटो काढू लागले. कचरा पडायचा थांबला, निदान कमी झाला.

दोन वर्षांनी त्याच्या बहिणीने नागपूरच्या एका मोठ्या दुकानात कापडी पिशवी पाहिली. दुकान म्हणजे अनेक शहरांत शाखा असलेली साखळी. पिशवीवर कपाशी वेचणाऱ्या बाया, किंमत ५९९ रुपये. तिने फोटो पाठवला. तो माझ्याकडे आला तेव्हा मी आधी त्याला म्हटले, अरे, कपाशी वेचणाऱ्या बाया काही तू शोधून काढल्या नाहीस, विदर्भातला कोणीही त्या काढील. ते खरेच आहे. विषयावर कोणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो आपण विषय जसा मांडला त्या मांडणीवर. मग आम्ही पिशवीचा फोटो मोठा करून पाहिला. सात बाया. पाचवी डावखुरी. आणि तिसऱ्या-चौथ्या बाईच्या मध्ये वीतभर मोकळी पट्टी! पाइप पुसून टाकला होता, पण त्याच्यासाठी सोडलेली जागा तशीच राहिली होती. पिशवीवर त्या जागेला काही अर्थच नव्हता.

त्याने वकिलामार्फत पत्र पाठवले. उत्तर आले, त्यात तीन मुद्दे होते. चित्र रस्त्यावर होते. चित्राखाली कोणाचे नाव नव्हते. आणि डिझाइन आम्ही काढलेले नसून ते पुरवठादाराकडून आले. तिसरा मुद्दा बहुधा खराही असेल. एवढ्या मोठ्या दुकानात बसून कोणी चित्रे काढत नाही. पिशव्या शिवणारा कारखानदार हंगामाआधी डिझाइनचे गठ्ठे घेऊन येतो, खरेदी अधिकारी त्यातली चार-सहा निवडतो. कारखानदाराकडचा मुलगा इंटरनेटवरून फोटो उतरवतो, संगणकावर बाह्यरेषा काढून रंग सपाट करतो. पूर्वी प्रत्येक रंगासाठी वेगळी छपाईची जाळी बनवावी लागे. तो खर्च भरून निघायला माल भरपूर काढावा लागे, म्हणून डिझाइन निवडताना माणूस विचार करी. आता कापडावर थेट संगणकातून छापता येते. चोरी करायला वेळही लागत नाही आणि भांडवलही. पण म्हणून विकणारा सुटत नाही. हक्कभंग झालेली प्रत विकणे हाही आपल्या कायद्यात हक्कभंगच आहे.

नाव नव्हते, या मुद्द्यालाही फारसा अर्थ नाही. कॉपीराइट चित्र काढताक्षणी निर्माण होतो. त्यासाठी सही लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण चित्र आपले आहे हे उद्या सिद्ध करायचे, तर सही आणि नोंदणी दोन्ही उपयोगी पडतात. सहीला तर काहीच खर्च येत नाही. आपल्याकडे पाटी रंगवणारा पेंटर कोपऱ्यात स्वतःचे नाव आणि फोन नंबर टाकतो, आणि मोठे चित्र काढणारा संकोचतो, हे मला कधी कळलेले नाही.

राहिला पहिला मुद्दा, चित्र रस्त्यावर होते हा. हा मुद्दा जगभर मांडला जातो. २०१८ साली एच अँड एम या कपड्यांच्या बड्या कंपनीने न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका खेळाच्या मैदानातल्या भिंतीपुढे जाहिरातीचे चित्रण केले. त्या भिंतीवर रेवोक नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराचे काम होते. त्याने हरकत घेतली तेव्हा कंपनीने उलट न्यायालयात जाऊन सांगितले की, परवानगीशिवाय भिंत रंगवणे हा गुन्हा आहे, म्हणून अशा चित्राला संरक्षणच नाही. चित्रकारांमध्ये एवढा संताप उसळला की काही दिवसांतच कंपनीने दावा मागे घेतला. त्यामुळे प्रश्नाचा निकाल लागला नाही, आणि कंपनीला तो लागायला नकोच होता, असे मला वाटते. लंडनमध्ये तर आणखी गंमत झाली. बँक्सी हा आपली ओळख लपवून भिंती रंगवणारा चित्रकार. त्याची चित्रे लावलेले कपडे २०२२ साली गेस या कंपनीच्या रीजंट स्ट्रीटवरच्या दुकानात दिसले, तेव्हा त्याने इंटरनेटवरून दुकानचोरांनाच तिथे जायचे आवाहन केले. न्यायालयात जायचे तर नाव सांगावे लागते, ही त्याची अडचण.

आपल्याकडे चित्र जरा स्पष्ट आहे. मुंबईत पाओला डेल्फिन या मेक्सिकन चित्रकर्तीने स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या उपक्रमात एक भव्य भित्तिचित्र रंगवले होते. अॅको या विमा कंपनीने ते आपल्या जाहिरातीत वापरले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. चित्र सार्वजनिक जागी आहे, म्हणून ५२ व्या कलमाची सवलत आम्हाला मिळते, असा कंपनीचा पवित्रा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने प्राथमिक मत नोंदवले की हा फलक उघडउघड जाहिरात आहे, आणि इंटरनेटवरचा त्यासंबंधीचा मजकूर काढून टाकायला सांगितले. हा अंतिम निकाल नव्हे, अंतरिम आदेश आहे. तरीही वर्ध्याच्या पाट्या रंगवणाऱ्याला तो हातात धरता येतो.

यापुढची गोष्ट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती कडू आहे. चित्रावरचा हक्क पहिल्यांदा कोणाचा? आपण म्हणू, काढणाऱ्याचा. कायद्याचे १७ वे कलम म्हणते, हो, पण एखाद्याने मोबदला देऊन चित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. स्वच्छ भारत मोहिमेच्या काळात गावोगावच्या कुंपणभिंती, शाळा, पाण्याच्या टाक्या रंगल्या. चौरस फुटामागे दर ठरवून, देयक पास करून ज्यांनी हे काम केले, त्यांतल्या बहुतेकांनी कार्यादेशाच्या कागदाखेरीज दुसरा करार पाहिलेलाही नसेल. त्यांच्या चित्राची नक्कल उद्या चादरीवर दिसली तर भांडायचा हक्क त्यांचा नाही, पैसे देणाऱ्या संस्थेचा आहे. माझ्या विद्यार्थ्याने मजुरी घेतली नाही, म्हणून त्याचा हक्क शाबूत राहिला. फुकट काम केले म्हणून वाचला, असा हा उफराटा न्याय!

एक गोष्ट तेवढी पैसे घेऊनही जात नाही. हे चित्र माझे आहे असे म्हणवून घेण्याचा, आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क ५७ व्या कलमाने कलाकाराकडेच ठेवला आहे. अमरनाथ सहगल यांचे भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ साली उखडून गोदामात टाकले गेले. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते सहगलांना परत द्यायला लावले आणि वर ५ लाख रुपये भरपाई दिली. त्यासाठी त्यांना किती वर्षे झगडावे लागले, हे साल पाहूनच कळते.

आणि ज्या चित्राला एक कर्ताच नाही, त्याचे काय? वारली चित्रकला घ्या. लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. तो कोणा एकीचा नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कॉपीराइटला कर्ता लागतो आणि मुदत असते, म्हणून इथे तो लागूच पडत नाही. आज वारलीच्या काटकुळ्या आकृत्या कपांवर, पडद्यांवर, पाहुण्यांना द्यायच्या ट्रेवर आहेत, आणि त्यातले किती डहाणू-जव्हारच्या हातांचे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आदिवासी युवा सेवा संघाच्या प्रयत्नांतून २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, ज्याला आपण जीआय म्हणतो. पण जीआयने मुख्यतः नाव राखले जाते. बाहेरच्या कारखान्यातल्या मालावर ‘वारली’ असे लिहिता येणार नाही. नाव न लिहिता त्या आकृत्या छापल्या, तर अडवणे फार अवघड. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंताने स्वतः रचलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. ते २०१८ साली गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क वारसांकडे आणखी अनेक दशके राहील.

ज्यांच्या घरात कोणी भिंती रंगवते त्यांच्यासाठी आता दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. चित्र पूर्ण झाले की त्याच दिवशी फोटो काढा, कच्ची रेखाटने फेकू नका. नोंदणी करायची असेल तर चित्राचे शुल्क ५०० रुपये आहे, मालावर वापरायचे चित्र असेल तर २,०००. स्वतःच आपले डिझाइन कापडावर छापून विकणार असाल तर आधी सल्ला घ्या. डिझाइन कायद्याखाली नोंदणी न करता ५० पेक्षा जास्त नग काढले, तर त्या डिझाइनवरचा हक्क धोक्यात येऊ शकतो. दावा लावायला मुंबई-बंगळूरला जावेच लागते असे नाही. ६२ व्या कलमाने कलाकाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात जाता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असो.

माझ्या विद्यार्थ्याच्या वकिलाने दुसऱ्या पत्रासोबत पाइपच्या पट्टीचे दोन फोटो शेजारी-शेजारी लावून पाठवले, एक भिंतीचा आणि एक पिशवीचा. त्यानंतर पिशवी दुकानातून उठली. कंपनीने एक रक्कम देऊ केली आहे, पण सोबतच्या मसुद्यात चित्रावरचे सगळे हक्क कायमचे लिहून मागितले आहेत. त्याने अजून सही केलेली नाही. घरची ओढाताण पाहता तो करणारच नाही, असे मी सांगू शकत नाही. दरम्यान कामाचे कागद करताना तो एक ओळ घालू लागला आहे: ‘या चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडे राहील.’ एका ग्रामपंचायतीने ती वाचून तशीच ठेवली. दुसरीने खोडायला सांगितली आणि त्याने नकार दिल्यावर भिंत दुसऱ्या पेंटरला दिली.