नांगर करणे सोपे, गिऱ्हाईक करणे कठीण

गायकवाडीत चार-चार पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतून 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला एके काळी ठरावीक उत्तरे असत. वसूल खात्यात आहे, खानगीत आहे, विद्याखात्यात आहे. आणि फारच भाग्यवान असला तर वहिवाटदार झाला आहे. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, ती खाती गेली. पण उत्तराची सवय काही गेली नाही. खात्याच्या जागी बँक आली, बँकेच्या जागी परदेशी कंपनी आली, इतकेच. त्यामुळे दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घरी नातू जेव्हा सांगतो की, 'आजोबा, मी नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढतो आहे', तेव्हा पानावर बसलेली मंडळी घास हातात धरून एकमेकांकडे पाहू लागतात. पैशाची भीती असतेच. पण त्याहून मोठी अडचण अशी की, अशा वेळी मुलाला विचारायचे काय, हेच घरातल्या कोणाला ठाऊक नसते.

नातवाजवळ बहुधा अमेरिकेतल्या धनाढ्य उद्योगपतींच्या उपदेशांची पुस्तके असतात. ती वाचू नयेत असे कोण म्हणेल? परंतु हिंमत धरा, अपयशाला भिऊ नका, मोठी स्वप्ने पाहा, एवढेच जर शिकायचे असेल तर त्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. आपल्याच दोन मराठी माणसांच्या चरित्रांत याहून उपयोगाची, आणि जरा कडूही, माहिती आहे. दोघे जवळजवळ एकाच वयाचे. दोघांनीही १८८५ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी पाऊल टाकले. एकाचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, दुसऱ्याचे धुंडिराज गोविंद फाळके. हिंमत दोघांपाशी सारखीच होती, किंबहुना फाळक्यांपाशी कणभर अधिकच. तरी एकाची कंपनी मुलानातवंडांच्या हाती पोचली आणि दुसऱ्याने आपल्याच कंपनीचा राजीनामा दिला. हा फरक कशाने पडला, हे पाहण्यासारखे आहे.

किर्लोस्कर म्हटले की आपल्या जुन्या रसिकांना आधी अण्णासाहेब आणि त्यांचे 'शाकुंतल' आठवते. लक्ष्मणरावही मूळचे त्याच गुर्लहोसूरचे, बेळगाव जिल्ह्यातले. जन्म २० जून १८६९. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईस गेले, आणि तेथे त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत असे आढळले. चित्रकाराला यापरता मोठा शाप नाही. लक्ष्मणरावांनी रंगपेटी बाजूस सारून यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या धरली; तीत रंगांचे काम नसते, रेघ सरळ असावी लागते. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. फावल्या वेळात यंत्रशाळेत जाऊन स्वतःच्या हातांनी यंत्रे खोलून पाहण्याचा नाद त्यांना तेथेच लागला.

नोकरी बरी होती. पण बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. येथपर्यंतची कथा सर्वांस ठाऊक आहे आणि भाषणांत ती टाळ्या घेते. तिच्यातला टाळ्या न घेणारा भाग मात्र महत्त्वाचा आहे. राजीनामा देण्यापूर्वीच बेळगावात दुकान चालू होते! मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली पाठवाव्यात आणि वडीलबंधू रामुअण्णांनी त्या विकाव्यात, असा हा व्यवहार होता. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म १८८८ सालचा मानतो तो या दुकानावरून. त्या काळी एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये पडे, म्हणजे गिऱ्हाईक वकील, डॉक्टर, अंमलदार असेच. नुसती सायकल विकून भागत नसे, कारण ती घेणाऱ्याला चालवता येत नसे. म्हणून रामुअण्णा पंधरा रुपये घेऊन सायकल शिकवीत. वस्तू विकायची तर तिचा वापर शिकवण्याचीही जबाबदारी विकणाऱ्याची, हा धडा दोघा भावांना दुकानाच्या दारातच मिळाला, आणि पुढे नांगराच्या वेळी तोच उपयोगी पडला.

दुकानातून कारखाना झाला. आरंभी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. विलायती नांगर समोर ठेवून त्याबरहुकूम नांगर घडवणे हे हुशार यांत्रिकाला जमण्यासारखे काम होते, आणि ते जमलेही. न जमणारे काम पुढेच होते. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्याची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगरावर शेती केलेला माणूस, कर्ज काढून हे काळे धूड आपल्या काळ्या आईत का म्हणून घालील? नांगर तयार होऊन पडले आणि घेणारा कोणी येईना. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली!

दोन वर्षे हे शब्द आपण सहज वाचून जातो. कारखान्यात मजूर आहेत, त्यांना दर आठवड्याला पगार द्यायचा आहे. लोखंड उधारीवर आणले आहे. घरात मुले आहेत. आणि गोदामात न विकलेले नांगर. अशा वेळी बहुतेक माणसे दोहोंपैकी एक करतात. गिऱ्हाईक अडाणी आहे असे म्हणून धंदा बंद करतात, किंवा किंमत पाडून माल फुंकून टाकतात. किर्लोस्कर बंधूंनी यांपैकी काहीच केले नाही. कडबा कापण्याच्या यंत्रासारख्या कामांवर त्यांनी कारखाना तग धरून ठेवला आणि नांगराची वाट पाहिली. ही वाट पाहणेही आळशाचे नव्हते. शेतकऱ्याची समजूत वादविवादाने जात नाही. शेजाऱ्याच्या शेतात खोल गेलेले तास डोळ्यांनी पाहिले म्हणजेच जाते. गिऱ्हाईक ही वस्तूही घडवावी लागते आणि तिला नांगरापेक्षा वेळ अधिक लागतो, याचा हिशेब भांडवलात धरावा लागतो. आपल्या नातवाला आजोबांनी विचारावयाचा प्रश्न हा आहे: तुझी वस्तू दोन वर्षे कोणी घेतली नाही, तर पगार कशातून देणार?

नांगर खपू लागला न लागला तोच नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला नवे उपनगर वसवायचे होते, आणि कारखान्याची जागा सोडावी लागली. या वेळी मदतीला आले ते एक संस्थानिक. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. संस्थानी अमलाविषयी आज बरेवाईट पुष्कळ लिहिले जाते. पण औंधाएवढ्या चिमुकल्या संस्थानाच्या धन्याने बेळगावच्या एका हद्दपार कारखानदारावर हा भरवसा टाकला, हे विसरून चालणार नाही. जमीन मात्र कशी, तर निवडुंगाने माजलेली, सापांनी भरलेली आणि पाण्याचा ठणठणाट असलेली. मार्च १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे उतरले.

आणि येथे आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडते. त्या माळावर वाडी उभी केली ती एकट्या लक्ष्मणरावांनी नव्हे. त्यांचे चित्त यंत्रात होते. वस्तीची आखणी, घरे, व्यवस्था हे सारे रामुअण्णांनी अंगावर घेतले. कारखान्याच्या कामाला शंभोराव जांभेकर होते. जमाखर्च मंगेशराव रेग्यांच्या हाती होता. अनंतराव फळणीकर तर शिक्षण अर्धवट सोडलेले. पण कल्पक यांत्रिक म्हणून लक्ष्मणरावांनी त्यांना ओळखले, प्रमाणपत्र मागितले नाही. रात्रीच्या रखवालीस दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली, आणि ती इमानाने राहिली. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, असाही दंडक होता. लक्ष्मणरावांचा खरा गुण आमच्या मते हा, की आपल्याला काय येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. रंग ओळखू येत नाहीत हे ज्याने तरुणपणी मुकाट्याने मान्य केले, त्याला हिशेब दुसऱ्याच्या हाती सोपवणे जड गेले नसावे.

पहिले महायुद्ध आले, परदेशी नांगर येणे थांबले, मागणी वाढली. पण लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा वितळवण्यास दिल्या. तोफांचे नांगर झाले! १९२० मध्ये मर्यादित कंपनी स्थापन झाली, १९२६ मध्ये पाण्याचा पंप निघाला, आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसेच्युसेट्सच्या विख्यात तंत्रसंस्थेतून पदवी घेऊन बाहेर पडले. पुढील विस्तार सर्वश्रुत आहे.

आता फाळके. यांच्यावर आपल्या बडोद्याचाही हक्क आहे, कारण जे. जे. नंतर त्यांचे शिक्षण झाले ते सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या येथील कलाभवनात, प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या देखरेखीखाली. छायाचित्रण, ठसे करणे, छपाई अशा अनेक कला त्यांनी हस्तगत केल्या. छापखाना काढला, तो नावारूपास आला, आणि भागीदारांशी न पटल्यामुळे तो सोडून ते बाहेर पडले. मग चित्रपटाचे वेड. विमापत्र गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन आले. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने तर दिलेच. शिवाय दिवसभर सर्व मंडळींचा स्वयंपाक करून रात्री फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात झळकला. या कंपनीत भागीदार कोणी खरा असेल तर त्या सरस्वतीबाई. पण कागदावर त्यांचे नाव कधी आले नाही.

१९१७ च्या 'लंकादहन'ने अलोट पैसा दिला. पैसा दिसला तसे भांडवलदार आले आणि १९१८ मध्ये नाशिकला 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली. येथून बिनसले. भांडवल घालणाऱ्यांना अंदाजपत्रक हवे होते, चित्रपट अमुक तारखेला हवा होता. फाळक्यांना चित्रपट मनासारखा हवा होता. कोणाचे चुकले असे विचाराल, तर आम्ही म्हणू की दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते, आणि हीच शोकांतिका. मधे रामुअण्णा कोणी नव्हता; कलावंताची भाषा हिशेबनिसाला आणि हिशेबनिसाची कलावंताला समजावून सांगणारा कोणी नव्हता. फाळके राजीनामा देऊन काशीस गेले, तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, आणि १९२२ मध्ये त्याच कंपनीत पगारी म्हणून परत आले. ज्याने हा धंदा या देशात जन्मास घातला तो त्यात नोकर झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले, तेव्हा त्यांच्यापाशी संपत्ती म्हणावी असे काही उरले नव्हते.

याच गज्जरांनी १९०७ मध्ये आपले शिष्य कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्यासह आपल्या शहरात अलेंबिकचा पाया घातला, हेही येथे नोंदवावे. मोठा प्राध्यापक, रसायनाचा जाणता आणि कारखाना चालवण्यास सरसावलेला तरुण अशी ती जोडणी होती. चालवण्याचे काम अमीनांनी पेलले.

रामुअण्णांचे चिरंजीव नसले तरी त्याच कुळातले शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचे लहानसे पत्र काढले. कारखान्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकापर्यंत पोचावी, हा त्याचा पहिला हेतू. त्यातून 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. आपल्या कित्येक घरांच्या माळ्यावर त्यांचे बांधीव अंक असतील. कथाकवितांसाठी ते जपले गेले. मध्येमध्ये नांगराच्या, चरकाच्या, पंपाच्या जाहिराती आहेत. नातवाची कंपनी निघायची असेल तर एका रविवारी ते अंक खाली काढून त्याच्यापुढे ठेवावेत, आणि त्याने जाहिरातींची पाने आधी वाचावीत.