मैदानावरची दुखापत आणि पहिला अर्धा तास



खेळाने शरीर घडते हे आता कोणास पटवून द्यावे लागत नाही. परंतु खेळ म्हटला की दुखापत आलीच, आणि तिचा विचार मात्र आपण ती झाल्यावरच करतो. अमेरिकेत पुष्कळ हायस्कुलांत केवळ खेळाडूंच्या दुखापती पाहणारा शिक्षित मनुष्य असतो. या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना तेथे १९५० सालीच स्थापन झाली. आपल्या मालवण, कुडाळकडच्या शाळांत ही जबाबदारी सहसा क्रीडाशिक्षकावरच पडते. तेव्हा त्याला, आणि आपल्यालाही, काय ठाऊक असावे हे पाहू.

कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडला जातो, खो-खोत खांबाशी वळताना गुडघ्याला पीळ बसतो. घोटा मुरगळला म्हणजे होते काय? हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि सूज येते. अशा वेळी आपल्याकडे पहिली धाव तेलाच्या बाटलीकडे. पण ताज्या दुखापतीवर जोराने चोळले तर आतला रक्तस्राव वाढतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस मालीश नको, शेक नको. पाय उशीवर उंच ठेवावा आणि बेताचा पट्टा बांधावा. बोटे गार किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, तर तो लगेच सैल करावा.

आपल्या बंदरावर मासळीसाठी बर्फ येतच असतो. तो फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा. उघड्या कातडीवर ठेवू नये. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे चतुःसूत्र डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ साली सांगितले, आणि त्यांनीच २०१४ साली त्याला मुरड घातली. बर्फाने वेदना कमी होते, पण तो फार वेळ लावल्यास भरून येण्यास विलंब लागू शकतो, असे त्यांनी मान्य केले. पूर्ण विश्रांतीही थोडेच दिवस हवी. मग सोसेल तशी हालचाल सुरू करावी.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे? चार पावलेही टाकता येत नसतील, घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, किंवा गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन दोन-तीन तासांत सूज आली असेल, तर वाट पाहू नये. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कोवळी कूर्चा असते. तिला इजा झाली तर वरून ती साधी लचक वाटते. पण दुर्लक्ष झाल्यास हाडाची वाढ वाकडी होऊ शकते. जांभ्याच्या खड्यांवर खरचटले तर जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी, तीवर चुना लावू नये आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

डोक्याच्या माराबाबत तर तडजोड नाहीच. शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदूला मार लागला नाही, असे नव्हे. मूल गोंधळले, त्याला भोवळ आली, तर त्या दिवशी पुन्हा खेळविणे नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, झापड किंवा झटके दिसले की १०८ क्रमांकास फोन करावा. मान दुखत असेल तर मुलाला उचलून बसवू नये.

खरी कसोटी पुढेच आहे. अंतिम सामना तोंडावर असतो आणि चांगला चढाईपटू लंगडत असतो. ‘खेळशील ना?’ असे विचारले तर मुलगा ‘हो’च म्हणणार! म्हणून विचारावे ते पायाला. दुखऱ्या पायावर तोल सांभाळता येतो काय, उडी मारता येते काय, धावता धावता वळता येते काय? दुसऱ्या पायाइतके जमले तरच मैदान. गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली असेल, तर निदान नऊ महिने थांबणे इष्ट. संघाला जिंकविण्याची हौस ज्याला आहे, त्या एकट्यावर हा निर्णय सोपवू नये. डॉक्टर आणि पालक यांचा शब्द त्यात असावा.

आणि पालकहो, एक गोष्ट आपल्या हाती आहे. कित्येक मुली दुखणे लपवितात. कारण घरी कळले तर खेळच बंद होईल, ही त्यांना धास्ती. लपविलेली लचक पुढे कायमचे दुखणे होते. ‘बरी झालीस की पुन्हा खेळ’ एवढे आश्वासन घरातून मिळाले, तर मुलगी आपला सुजलेला पाय त्याच संध्याकाळी दाखवील, आणि निम्मे उपचार तेथेच झालेले असतील.