21,600 सागरी मैल

पृथ्वीचा घेर 360 अंशांचा, एका अंशात 60 कला, आणि एका कलेइतकं अंतर म्हणजे एक सागरी मैल. गुणाकार केला की येतात 21,600. शिडाच्या होडीनं पृथ्वीप्रदक्षिणा केली असं म्हणायचं, तर निदान एवढं अंतर कापावंच लागतं; म्हणजे 40,000 किलोमीटर. दक्षिणेत 50 अक्षांशावर पृथ्वीचा घेर जेमतेम 26,000 किलोमीटर भरतो, पण तेवढ्यावर भागत नाही. विषुववृत्त ओलांडायचं, पनामा-सुएझचे कालवे वापरायचे नाहीत, आणि ल्यूविन, हॉर्न, गुड होप ही तिन्ही भूशिरं दक्षिणेकडून वळसा घालून पार करायची.

व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींनी याच प्रवासाचा ध्यास घेतला. 1971 च्या युद्धात ते बंगालच्या उपसागरात आयएनएस कामोर्ताचे कप्तान होते, वीरचक्राचे मानकरी. 1983 साली पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले आणि फलटणजवळ विंचुर्णीला जाऊन राहिले. तिथून समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटर. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मात्र यानंतरचं, असं मी मानतो. भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या होडीतून एकट्यानं जगाला वळसा घालावा, हे त्यांनी लावून धरलं.

अखेर नौदलानं मनावर घेतलं. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली. लांबी 56 फूट, वजन सुमारे 23 टन. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरं घेत 19 मे 2010 ला परतले. आवटींच्या निवृत्तीला तेव्हा 27 वर्षं झाली होती. ते 82 वर्षांचे होते!

मग 1 नोव्हेंबर 2012 ला त्याच होडीतून नौदलाचेच अभिलाष टॉमी निघाले, ते एकाही बंदराला न लागता. 150 दिवसांत 23,000 हून जास्त सागरी मैल. भागाकार केला तर सरासरी वेग निघतो ताशी 12 किलोमीटर: रमतगमत चालवलेल्या सायकलीएवढा, पण रात्रंदिवस, पाच महिने. वाटेत दक्षिण महासागर. तिथं लाट अडवायला जमीनच नाही, त्यामुळे सात-आठ मीटरच्या लाटा नेहमीच्याच. म्हणजे होडीच्या जवळजवळ निम्म्या लांबीएवढं पाणी समोर उभं, आणि सुकाणू, शिडं, स्वयंपाक, दुरुस्ती सगळं एकाच माणसाच्या अंगावर.

2017 मध्ये दांडेकरांच्याच ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी निघाल्या आणि 254 दिवसांनी, 21 मे 2018 ला, गोव्यात परतल्या. त्या परतल्या तेव्हा आवटी हयात होते. 3 नोव्हेंबर 2018 ला, 91 व्या वर्षी, ते गेले. ‘तारिणी’ 2024 मध्ये पुन्हा निघाली. या वेळी होडीवर दोघीच होत्या, नौदलाच्याच दिलना आणि रूपा. 29 मे 2025 ला त्या गोव्यात परतल्या, तेव्हा 25,000 सागरी मैल मागे पडले होते.