डीएनएला ब्रेक लावणारं यंत्र

वजन जेमतेम शंभर ग्रॅम, जोडायला लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट. ऑक्सफर्ड नॅनोपोअर या ब्रिटिश कंपनीने २०१२ मध्ये ‘मिनआयन’ जाहीर केलं, तेव्हा एवढ्याशा डबीतून डीएनए वाचता येईल यावर अनेक जाणकारांचा विश्वास बसला नव्हता. २०१४ मध्ये ती निवडक प्रयोगशाळांच्या हाती पडली. २०१५ मध्ये संशोधक जोश क्विक आणि निक लोमन यांच्या चमूने ही यंत्रं प्रवासी सामानातून गिनीला नेली आणि इबोलाच्या विषाणूंचे जीनोम तिथेच वाचले. नमुना हाती आल्यापासून चोवीस तासांच्या आत निकाल मिळू लागले.

मिनआयनमधला संवेदक म्हणजे पातळ पडद्यात बसवलेलं, सुमारे एक नॅनोमीटर रुंदीचं छिद्र. दोन्ही बाजूंना खारं पाणी असतं. वीजदाब दिला की आयन छिद्रातून वाहतात आणि पिकोअँपिअरमध्ये मोजावा लागेल इतका क्षीण प्रवाह तयार होतो. डीएनएची साखळी ऋणभारित असल्यामुळे तीही छिद्रात ओढली जाते, वाट अडवते आणि प्रवाह घटतो. ए, सी, जी, टी या डीएनएच्या अक्षरांचा अडथळा वेगवेगळा. ती मात्र सुटी कळत नाहीत. सुरुवातीच्या छिद्रांत एका वेळी साधारण पाच अक्षरांचा परिणाम जाणवे, म्हणजे १,०२४ शक्यता. हाती येते ती नुसती थरथरती रेघ. तिची अक्षरं संगणकातलं न्यूरल नेटवर्क लावतं.

छिद्रातून डीएनए वाचण्याची कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड डीमर यांना १९८९ मध्ये ऑरेगनमध्ये गाडी चालवताना सुचली. १९९६ मध्ये त्यांनी कासियानोविच आणि ब्रँटन या शास्त्रज्ञांसोबत स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या विषातलं प्रथिन वापरून साखळी छिद्रातून जाताना पकडली. पण एकेक अक्षर मायक्रोसेकंदांत निसटत होतं. माझ्या मते या यंत्राचा खरा पराक्रम वेगाचा नाही, वेग आवरण्याचा आहे. छिद्राच्या तोंडाशी एक विकर बसवलं, ते साखळी एकेक अक्षराने पुढे सोडतं. आज सेकंदाला सुमारे चारशे अक्षरं जातात, आणि अशी शेकडो छिद्रं एकाच वेळी चालू असतात. सिलिकॉनच्या पडद्यात कृत्रिम छिद्रं पाडण्याचे प्रयत्न खूप झाले. बाजारात टिकलं ते जिवाणूंकडून उसनं घेतलेलं प्रथिनच.

मिनआयनच्या थोरल्या भावाचं नाव प्रोमेथआयन. त्यावर एकाच रुग्णाचा डीएनए ४८ फ्लो सेलमध्ये (छिद्रं बसवलेल्या सुट्या कप्प्यांत) वाटून स्टॅनफर्डच्या चमूने पूर्ण जीनोम ५ तास २ मिनिटांत वाचला. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

चुका हे जुनं दुखणं. पहिल्या वर्षांत त्यांचं प्रमाण इतकं होतं की लोक नाकं मुरडत. आता अचूकता ९९ टक्क्यांच्या वर गेली आहे. तरी सलग आठ-दहा ए आले, की प्रवाह बदलतच नाही आणि नेमके किती गेले ते कळत नाही. म्हणून नव्या छिद्राला एकाऐवजी दोन अरुंद गळे दिले. त्याने हा घोळ बराच कमी झाला, संपलेला नाही.