जुना पीसी सेटअप विसरतो तेव्हा

आजचा विषय तसा छोटा आहे. चाळीस-पन्नास रुपयांचा एक सेल आणि त्याच्यापायी पुसला जाणारा वीस वर्षांचा डेटा.

पैठण गेटकडून टिळक पथाने गुलमंडीकडे चालत गेलात, तर आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं करून देणारी छोटी दुकानं दिसतील. अशा एखाद्या दुकानात मागच्या टेबलावर पिवळट पडलेला एक पेंटियम पीसी अजूनही असतो. विंडोज ९८, पेजमेकर आणि श्री-लिपी. नवीन कॉम्प्युटर पुढच्या टेबलावर असतानाही हा काढून का टाकत नाहीत? कारण जुन्या पत्रिका, जुनी बिलं, जातीजमातींच्या वधू-वर सूची, सगळं त्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट युनिकोड नाही. फाइल दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. शिवाय त्या सॉफ्टवेअरचं डोंगल प्रिंटरच्या पोर्टमध्ये, म्हणजे पॅरलल पोर्टमध्ये बसतं आणि नवीन मशीनला तो पोर्टच नसतो.

आता एके सकाळी हा पीसी चालू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात: ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’. पुढे ‘एफ१ दाबा’ किंवा ‘डिलीट दाबा’. एफ१ दाबून पुढे गेलं तर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’. इथे कुणीतरी म्हणतो, विंडोज उडालं, फॉरमॅट मारू. आम्हाला आज एवढंच सांगायचंय की इथे थांबा. बहुतेक वेळा विंडोज जागेवर असतं. पीसी फक्त विसरलेला असतो.

काय विसरतो, ते बघू. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एक घड्याळाची चिप होती. तिच्यात स्मृती होती ६४ बाइटची. १४ बाइट घड्याळाला, उरलेल्या ५० सेटिंगला. हार्ड डिस्क कोणती, फ्लॉपी आहे का, असलं सगळं त्यात. पुढे चिप बदलली, बाइट वाढल्या, पण रीत तीच राहिली. ही स्मृती सेलवर जगते. पीसी चालू होताना बायोस त्या बाइटची बेरीज करतो आणि आधी लिहून ठेवलेल्या बेरजेशी ताडून बघतो. वहीच्या पानाखालची बेरीज जुळली नाही की आपले मुनीमजी अख्खं पान संशयास्पद धरायचे, तसंच. मग कारखान्यातली ठोकळ सेटिंग भरली जातात.

सेल गोल, चपटा, सीआर२०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, दाब ३ व्होल्ट. गुलमंडीत घड्याळवाल्याकडेही मिळेल. आता बाजारातली एक सवय लक्षात घ्या. रात्री दुकान वाढवताना मेन स्विच खाली पाडतात. एटीएक्स पद्धतीच्या पीसीला प्लगमधून वीज मिळत असेल, तर बंद असतानाही ती घड्याळाला पुरते आणि सेल वाचतो. मेन स्विच पाडला की रात्रभर भार सेलवर. स्विच पाडणं सुरक्षिततेसाठी योग्यच आहे, ते चालू ठेवा. फक्त सेल जास्त लवकर बदलायची तयारी ठेवा. तारीख मागे पडायला लागली, की सेलची वेळ झाली असं समजा.

त्याहून जुनं, ३८६ किंवा ४८६ असेल तर बोर्डावर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी सापडते. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. हिरवट डाग दिसला तर आधी बॅटरी कापून काढा. गळलेला द्रव अल्कली असतो, म्हणून कापसाने थोडं व्हिनेगर लावून मग स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या.

सेल बदलला. आता डिलीट दाबून सेटअपमध्ये जा. पहिल्या पानावर तारीख-वेळ भरा. फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकलेला असेल तर तिथे ‘नन’ करा, नाहीतर दर वेळी ‘फ्लॉपी डिस्क फेल’ म्हणून अडेल. (कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ१ दाबा, असं सांगणाराही हाच बायोस. असो.)

खरी गोम हार्ड डिस्कच्या ओळीत आहे. जुन्या पद्धतीत डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टरने सांगायची. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. हिशोब करा, सुमारे ५२८ एमबी येतात. त्याहून मोठ्या डिस्कसाठी पत्त्यांचं भाषांतर करावं लागतं आणि त्याचे प्रकार आहेत: नॉर्मल, लार्ज, एलबीए. डिस्क एलबीएमध्ये तयार केली आणि सेल गेल्यावर सेटअपने लार्ज किंवा नॉर्मल धरलं, तर बायोस भलत्याच ठिकाणी विंडोज शोधतो. घर तिथेच आहे, घर नंबर बदललेत. अशा वेळी ‘आयडीई एचडीडी ऑटो डिटेक्शन’ चालवा. तो दोन-तीन पर्याय दाखवतो. आधी एलबीए निवडा, सेव्ह करा, बघा. नाही झालं तर लार्ज. आणि हे जमेपर्यंत एफडिस्क किंवा स्कॅनडिस्कला हातसुद्धा लावू नका. चुकीच्या पत्त्यावर दुरुस्ती सुरू झाली, तर धडधाकट फाइली बिघडतात.

विंडोज आलं, पण श्री-लिपी म्हणते डोंगल नाही. इथेही डोंगलला मेलेलं ठरवू नका. इंटिग्रेटेड पेरिफेरल्सच्या पानावर पॅरलल पोर्ट बघा. बंद असेल तर पत्ता ३७८ आणि आयआरक्यू ७ द्या. मोड ईसीपी असेल तर एसपीपी किंवा नॉर्मल करून बघा. काही जुनी डोंगल ईसीपीमध्ये ओळख देत नाहीत.

सेटअपला पासवर्ड आहे आणि तो टाकणारा माणूस नोकरी सोडून गेलाय, तर बोर्डावर सेलजवळ बहुधा तीन पिनांचा क्लिअर सीमॉस जंपर असतो. प्लग भिंतीतून काढून मगच तो हलवा, काही सेकंदांनी परत जागेवर आणा. यात सगळी सेटिंग जातात, हे धरून चला.

म्हणून पीसी धड चालतोय तोवर सेटअपच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. हार्ड डिस्कची ओळ आणि पोर्टचा मोड कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. सेल टाकल्याची तारीखही तिथेच लिहा. मग डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. पीसी हलवताना डोंगल आणि प्रिंटरची केबल काढावी लागली, तर आधी मशीन बंद करा.