कृष्णधवल छायाचित्र कसे पाहावे?

आपल्या एखाद्या जुन्या ख्रिस्ती घरात पाऊल टाकले की सोप्यातल्या भिंतीवर प्रभूच्या अतिपवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्या दोहों बाजूंस वाडवडिलांची छायाचित्रे दृष्टीस पडतात. तसबीर रंगीत असते, छायाचित्रे बहुधा काळी-पांढरी. खुर्चीवर ताठ बसलेले आजोबा, त्यांच्या शेजारी उभी असलेली आजी, पुढे चटईवर बसविलेली मुले. हसू मात्र कोणाच्याच तोंडावर नाही. घरातील तरुण मंडळींस या चित्रांचे फारसे कौतुक वाटत नाही. घराला रंग द्यावयाचा झाला की ती खाली उतरतात, माळ्यावर जातात आणि पुढे वाळवीच्या स्वाधीन होतात. हल्ली तर मोबाईलच्या साहाय्याने त्यांत रंग भरण्याची हौसही सुरू झाली आहे.

रंगाची आवड गैर नव्हे. परमेश्वराने सृष्टी रंगीतच निर्माण केली. परंतु ज्या चित्रात रंग नाही ते चित्र अपुरे, ही समजूत बरोबर नाही, आणि ती आपल्या कुटुंबांस महाग पडत आहे. म्हणून कृष्णधवल छायाचित्र तयार कसे होते आणि ते पाहावे कसे, याविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

चांदी आणि प्रकाश

फोटोची फिल्म म्हणजे एका पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. कॅमेऱ्याचे झाकण क्षणभर उघडते, भिंगातून प्रकाश आत येतो आणि ज्या कणांवर तो पडतो त्यांच्यात बदल घडतो. हा बदल डोळ्यांस दिसत नाही. पुढे अंधाऱ्या खोलीत ती फिल्म डेव्हलपर नावाच्या द्रावणात बुडविली म्हणजे प्रकाश लागलेल्या कणांची काळी चांदी बनते. मग 'हायपो'च्या द्रावणात उरलेले कण विरघळून जातात आणि शेवटी फिल्म स्वच्छ पाण्यात पुष्कळ वेळ धुवावी लागते. 'फोटो धुवायला दिला आहे' असे आपण म्हणत असू, ते अक्षरशः खरे होते.

अशा रीतीने जी निगेटिव्ह मिळते तीत सारे उलटे असते. जेथे प्रकाश जास्त पडला तेथे ती अधिक काळी, जेथे सावली होती तेथे ती स्वच्छ. पांढरा सदरा काळा दिसतो, काळे केस पांढरे दिसतात. या निगेटिव्हमधून पुन्हा प्रकाश पाठवून तो तशाच क्षारांचा थर असलेल्या कागदावर पाडला की उलटे झालेले पुन्हा सुलटे होते. भिंतीवरील चित्रात आजोबांच्या पागोट्याचा जो पांढरेपणा दिसतो तो कोऱ्या कागदाचा, आणि त्यांच्या कोटाचा जो काळेपणा दिसतो ती शुद्ध चांदी होय, हे किती जणांच्या ध्यानी येते?

ही विद्या फार जुनी नाही. फ्रान्समधील नीएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचे जे चित्र घेतले, ते कॅमेऱ्याने घेतलेल्या व आजवर टिकून राहिलेल्या चित्रांत सर्वांत जुने मानले जाते. १८३९ साली दाग्येर यांची रीत जगजाहीर झाली. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची युक्ती इंग्लंडच्या टॅल्बट यांची. आपल्या देशात ही कला लवकरच आली. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली होती.

तुरीनचे वस्त्र

निगेटिव्हचा विषय निघाला असता एका घटनेचे स्मरण होते. इटलीतील तुरीन शहरी एक प्राचीन तागाचे वस्त्र जतन केलेले आहे. प्रभू येशूचा देह याच वस्त्रात गुंडाळून कबरेत ठेवला होता, अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. त्यावर मनुष्याकृतीचे पुसट, पिवळसर डाग आहेत. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर चेहरा ओळखणेही कठीण. १८९८ च्या मे महिन्यात ते वस्त्र दर्शनासाठी उघडले असता सेकोंदो पिया नामक वकिलाने, ज्यांस छायाचित्रणाचा नाद होता, त्याचे छायाचित्र घेतले. २८ मे रोजी घेतलेली मोठी काचपट्टी अंधाऱ्या खोलीत द्रावणातून बाहेर काढताच ते स्तिमित झाले. निगेटिव्हमध्ये चेहरा ओळखू येईनासा व्हावयाचा. येथे मात्र मिटलेल्या डोळ्यांचा, गंभीर, शांत असा एक मुखडा स्पष्ट उमटला होता.

या वस्त्राचे वय किती, याविषयी पंडितांत वाद आहे. १९८८ साली झालेल्या कार्बन-परीक्षेत ते इ. स. १२६० ते १३९० या काळातील ठरले. त्या परीक्षेवरही पुढे आक्षेप घेतले गेले. ख्रिस्तसभेने आपला निर्णय दिलेला नाही. १९९८ साली पोपमहाशय दुसरे जॉन पॉल तुरीनला गेले तेव्हा हा प्रश्न त्यांनी शास्त्रज्ञांवरच सोपविला. आम्हांसही त्या वादात पडावयाचे नाही. येथे सांगावयाचे इतकेच की, शतकानुशतके हजारो डोळ्यांस जे दिसले नाही ते काळ्या-पांढऱ्या काचपट्टीने दाखविले. रंगाचा अभाव म्हणजे दृष्टीचा अभाव नव्हे. क्रुसाच्या वाटेतील सहाव्या स्थानी प्रभूचे मुख पुसणाऱ्या संत वेरोनिकेला छायाचित्रकार आपली आश्रयदाती मानतात, यातही औचित्य आहे.

पाहण्याची रीत

आता आपल्या भिंतीवरील चित्राकडे वळू. ते खाली उतरवावे, काच पुसावी आणि उजेडाकडे धरून निवांतपणे पाहावे.

प्रथम प्रकाश कोणीकडून आला आहे ते शोधावे. जुन्या स्टुडिओत वरच्या किंवा बाजूच्या मोठ्या खिडकीतून उजेड घेत. चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत, म्हणून नाकाला, गालाला उठाव आलेला असतो. चेहऱ्यावर सपाट उजेड टाकला तर तो भाकरीसारखा दिसतो. सावली हा चित्राचा दोष नव्हे, तिच्यावाचून चेहऱ्यास आकारच येत नाही.

मग काळा आणि पांढरा यांच्या मधल्या छटा पाहाव्यात. चांगल्या चित्रात काळे एकच नसते. केसांचे काळे निराळे, घोंगडीचे निराळे, दाराच्या आतल्या अंधाराचे निराळे. पांढऱ्यातही धुतलेल्या धोतराचा, चुन्याच्या भिंतीचा आणि म्हाताऱ्याच्या दाढीचा पांढरेपणा वेगवेगळा असतो. रंग असला म्हणजे डोळा रंगावरच ठरतो. रंग काढून घेतला की हातावरच्या शिरा, लुगड्याच्या चुण्या, कपाळावरच्या आठ्या दिसू लागतात.

तिसरे, नजर पाहावी. ही माणसे गंभीर का, असे मुले विचारतात. जुन्या काचपट्ट्यांवर प्रकाश पुरेसा पडण्यास काही सेकंद लागत आणि तोवर हलावयाचे नसे. हसू इतका वेळ धरून ठेवता येत नाही. पुढे फिल्म वेगवान झाली, तरी फोटो काढणे हा प्रसंगच मोठा होता. तालुक्याच्या गावी जावयाचे, ठेवणीतले कपडे घालावयाचे, पैसे मोजावयाचे. बडोद्यात तयार झालेला 'अ‍ॅग्फा क्लिक-तीन' हा साधा कॅमेरा पुढे कित्येक घरांत आला. त्याच्या एका रोलवर अवघे बारा फोटो निघत. उटीच्या सरकारी कारखान्यात 'इंदू' नावाची फिल्म बनत असे. तो कारखाना आता बंद झाला आहे. बाराच फोटो असले की मनुष्य आधी पाहतो, मग कळ दाबतो. आज बाप्तिस्म्याच्या एका समारंभात शेकडो फोटो निघतात, आणि त्यांतील एकही कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

लुगड्याचा रंग

आमच्या धर्मग्रामातील एका घरी घडलेली गोष्ट सांगतो. नातवाने आपल्या आजीच्या लग्नाचा जुना फोटो मोबाईलवर घेतला आणि यंत्राकरवी त्यात रंग भरून मोठ्या हौसेने तिला दाखविला. लुगडे छान जांभळे झाले होते. म्हातारीने चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "ही कोण रे?" नातू म्हणाला, "आजी, तूच की!" "माझं लुगडं हिरवं होतं, बाळा. आईनं दोन शेरडं विकून घेतलेलं." मग तिने मूळचा फोटो मागितला, आणि त्यातील एकेका माणसावर बोट ठेवून तासभर बोलत राहिली. कोण कोठून चालत आले होते, कोणाच्या पायात वहाण नव्हती, कोणाचे ते उसने घेतलेले जाकीट होते, हे सारे त्या दिवशी घरातल्यांनी प्रथमच ऐकले.

यंत्राचा यात दोष नाही. जुनी फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. तीवर लाल लुगडे काळे येई आणि निळे आकाश पांढरे पडे. नंतरच्या फिल्मवर सर्व रंगांची नोंद होते, पण हिरवे आणि तांबडे कधी कधी एकाच करड्या छटेत उतरतात. त्या छटेवरून मूळ रंग कोणता हे यंत्रास कळावे कसे? ते अंदाज करते. मूळ चित्र मात्र आपणांस जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव आणीत नाही. ते रंगाची जागा मोकळी ठेवते, आणि ती जागा आठवणीने भरावयाची असते. आठवण असलेले माणूस गेले की ती जागा कायमची रिकामी राहते. आमचे म्हणणे आहे ते एवढ्यासाठीच.

थोरांची काही उदाहरणे

इंदूर आणि हैदराबाद येथील आमच्या वाचकांस राजा दीनदयाळ यांचे नाव अपरिचित नसावे. १८४४ साली सरधना येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बेगम समरू यांनी बांधविलेल्या पवित्र मरियेच्या भव्य चर्चमुळे ते गाव आपणांसही ठाऊक आहे. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना ते छायाचित्रणाकडे वळले आणि १८८५ साली निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी हैदराबादेत १८९२ साली एक निराळा स्टुडिओ काढला व तो एका इंग्रज बाईंकडे सोपविला. त्यांच्या काचपट्ट्यांपैकी २,८५७ पट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुरक्षित आहेत. कोणी तरी त्या जपल्या, म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे चेहरे आजही आपणांकडे पाहतात.

बडोद्यात श्रीमती होमाई व्यारावाला यांनी आपले उत्तरायुष्य घालविले. भारतातील या पहिल्या महिला वृत्तपत्र-छायाचित्रकार. १९४७ चा स्वातंत्र्योत्सव आणि १९४८ सालची महात्माजींची अंत्ययात्रा त्यांनी काळ्या-पांढऱ्या फिल्मवर टिपली. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. २०११ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले आणि पुढील वर्षी बडोद्यातच त्यांचे निधन झाले.

संत मदर तेरेसा यांची रघु राय यांनी घेतलेली कृष्णधवल छायाचित्रे आमच्या वाचकांनी अवश्य पाहावीत. साडीचे निळे काठ तेथे निळे दिसत नाहीत. पण प्रार्थनेत जोडलेले ते सुरकुतलेले हात पाहिले म्हणजे रंगाची उणीव कोणास भासेल?

आपण काय करावे?

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. घरातील प्रत्येक जुन्या फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे, गाव आणि साल लिहावे. शाईचे पेन वापरू नये. फाटलेल्या फोटोस चिकटपट्टी किंवा डिंक लावू नये, तसेच चिकट पानांच्या अल्बमातही ते ठेवू नयेत. फोटो व निगेटिव्ह कडेला धरूनच उचलाव्यात. बोटांचा घाम चांदीस बाधतो. त्या स्वच्छ कागदी पाकिटांत घालून कोरड्या पेटीत ठेवाव्यात आणि पेटी ओल येणाऱ्या भिंतीस टेकवू नये. पावसाळा सरला की एक दिवस सावलीत वारा द्यावा, उन्हात नव्हे. भिंतीवर मूळ फोटोऐवजी त्याची प्रत लावावी, आणि निगेटिव्ह तर मुळीच टाकू नये. मुलांस रंग भरावयाचेच असतील तर ते प्रतीत भरावेत.

मुलांसाठी आणखी एक अभ्यास सुचवितो. मोबाईलमध्ये काळे-पांढरे चित्र घेण्याची सोय असते. एक आठवडाभर त्यांनी तेच घ्यावे, आणि दिवसाकाठी एकच. चुलीपुढे बसलेली आई, गोठ्यातला कवडसा, मिस्साला निघालेली आजी, यांपैकी काहीही. कळ दाबण्यापूर्वी प्रकाश कोठून येतो ते पाहावे. आठवड्याच्या शेवटी त्यांस फोटो काढता येईल की नाही सांगता येत नाही, पण घरातील माणसांकडे नीट पाहता येऊ लागेल.

येत्या रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर भिंतीवरचे ते चित्र खाली काढा, घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या मांडीवर ठेवा आणि मुलांस भोवती बसवा. यात कोण कोण आहे, एवढेच विचारा. पेन्सिल जवळ असू द्या.