अनुभवाची कथा होते तेव्हा

नागसेनवनातली मुले माझ्याकडे कथा घेऊन येतात. 'सर, यातलं सगळं खरं आहे,' असे आधीच बजावतात. त्याबद्दल मला कधी शंका वाटली नाही. परंतु खरे घडले एवढ्यानेच त्याची कथा होत नाही, हे सांगताना जीभ अडखळते. आपले लेखन म्हणजे प्रचार, असे हिणवणाऱ्या प्रस्थापित समीक्षकांच्या पंगतीला आपणही जाऊन बसलो की काय, असे वाटते. तरीही सांगावे लागते.

एकाने लिहिले होते : 'वाड्यावर आईचा भयंकर अपमान झाला.' मी विचारले, काय झाले? म्हणाला, चहा दिला. कशातून? कान तुटलेल्या कपातून. कप कुठे असायचा? गोठ्याच्या वळचणीला. आई तो राखेने घासून घ्यायची, चहा प्यायची, पुन्हा घासून तिथेच ठेवायची. एवढे सांगून तो गप्प झाला. 'भयंकर' हा शब्द त्याने घातला होता आणि कप वगळला होता!

घटना, पात्र, वातावरण, निवेदन, संवाद असे कथेचे घटक आपण वर्गात सुटे करून शिकवतो. परीक्षेपुरते ते ठीक. त्या कपात हे सारे एकवटले आहे.

निवेदनाचे मात्र वेगळे सांगितले पाहिजे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेने (याच नावाचा संग्रह १९६३ चा) शीर्षकातच रहस्य फोडले आहे. रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात आलेल्या नायकाची जात वाचकाला ठाऊक आहे, भोवतालच्यांना नाही. त्यामुळे 'हा कोण?' असा प्रश्न उरत नाही. 'यांना केव्हा कळणार?' ही धास्ती उरते. नायकाला मिळणारा आदरच वाचकाला टोचू लागतो. शिवाय 'मी' सांगतो आहे, म्हणून ती धास्ती वाचकाच्या अंगात शिरते. हीच कथा 'तो' घालून लिहून पाहा. कणव येईल, घाम फुटणार नाही.

म्हणून सर्वांनी 'मी'च वापरावा असे नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं'मध्ये भीमाची हकीकत बाहेरून सांगितली आहे. दगडाची खाण बंद पडते आणि हा धिप्पाड माणूस सोन्यासाठी मढी उकरू लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात, ती जातात, आणि खाण पुन्हा सुरू होते. हा योग लेखकाने जुळवला आहे, हे उघड आहे. तरी आपण तो मान्य करतो, कारण बोटे गेली ती भुकेपायी. बेकारीवर निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

भाषेविषयी थोडेसे. निवेदन पुस्तकी आणि बोली तेवढी आईच्या तोंडी, अशी वाटणी आपल्या पुष्कळ कथांत असते. त्याने सांगणारा आईपासून दूर जातो. शिकून गाव सुटलेल्या मुलाचे ते अंतर हाच कथेचा विषय असेल तर गोष्ट वेगळी. पण मग ते जाणून केलेले असावे.

त्या विद्यार्थ्याने दुसरा खर्डा आणला. कप आला होता. शेवटी मात्र नायक वाड्यात उभा राहून दोन पाने भाषण करतो. मी विचारले, हा बोलत असताना आई काय करते?

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, 'कप घाशीत असंल, सर.'

भाषण काढून टाक, असे मी म्हटले नाही. तिसरा खर्डा अजून यायचा आहे.